वाईच्या घाटावर कृष्णधवल फिल्म: काळा दगड आणि त्याचे प्रतिबिंब

नदीकाठच्या देवळाचे छायाचित्र घेताना बहुतेक जण देवळाकडे पाहून एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) ठरवतात आणि पाण्यातले प्रतिबिंब त्याच्यामागून आपोआप उमटेल असे गृहीत धरतात. डिजिटल कॅमेऱ्यात ही सवय खपून जाते, कारण पडद्यावर चूक लगेच दिसते. कृष्णधवल फिल्मवर, आणि त्यातही सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये बांधलेल्या घाटांवर, तिचा परिणाम असा होतो की वरचे देऊळ नीट येते आणि खाली पाण्यात तपशील नसलेला काळा पट्टा उरतो. प्रतिबिंब हे त्याच वास्तूचे, पण वेगळ्या जागेवरून दिसणारे आणि बरेच अधिक काळोखे असे दुसरे चित्र असते. म्हणून जागा निवडण्यापासून प्रिंट काढण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय आधी प्रतिबिंबासाठी घ्यावा आणि मग देवळासाठी तपासावा, अशी या लेखातील पद्धत आहे.

उदाहरणासाठी वाई निवडली आहे. शहर कृष्णेच्या डाव्या तीरावर वसलेले असून गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे घाट ओळीने नदीत उतरतात. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत पुराचा लोंढा दुभंगावा म्हणून माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे, आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे या घाटावरची सर्वांत मोलाची वस्तू होय, कारण वक्र दगडी पृष्ठभागावर उजेड क्रमाक्रमाने मावळत जातो आणि कृष्णधवल फिल्मला नेमका असा उतार हवा असतो. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट आणि मेणेश्वराचे देऊळ आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली दिसते. नदी तिथे अरुंद आहे आणि काठावर मोठी झाडे आहेत, त्यामुळे पाणी वाऱ्यापासून अधिक सुरक्षित राहते. पहिला रोल शिकण्यासाठी वापरायचा असेल तर मी वाईपेक्षा मेणवली सुचवीन.

पाणी किती उजेड परत देते

सरळ खाली पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग त्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के परत पाठवतो, उरलेला आत जातो. दृष्टीची रेषा पाण्याशी जितका लहान कोन करील तितके हे प्रमाण वाढते: ३० अंशांना सुमारे ६ टक्के, २० अंशांना १३ टक्के, १० अंशांना ३५ टक्के, ५ अंशांना ५८ टक्के आणि २ अंशांना ८० टक्क्यांच्या आसपास. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सांगायचे तर १० अंशांवरचे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा दीड स्टॉप काळे असते आणि २० अंशांवरचे जवळजवळ तीन स्टॉप.

आता हे आकडे घाटावर लावून पाहू. समजा, समोरच्या काठावरचे देऊळ आपल्यापासून ४० मीटर अंतरावर आहे, त्याचे शिखर पाण्यापासून १२ मीटर उंच आहे आणि आपला कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंचीवर आहे. पायथ्याच्या पायरीचे प्रतिबिंब पाहताना दृष्टी पाण्याशी केवळ २ अंशांचा कोन करते, म्हणून ते जवळपास मूळ पायरीइतकेच उजळ दिसते. शिखराच्या टोकाचे प्रतिबिंब मात्र आपल्या अगदी जवळच्या पाण्यात, सुमारे साडेअठरा अंशांवर पडते आणि तिथे पाणी १५ टक्केच उजेड परत देते. म्हणजे प्रतिबिंब वरपासून खालपर्यंत सारखे काळे नसते. काठापासून आपल्याकडे येताना ते सतत गडद होत जाते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी सर्रास दिल्या जाणाऱ्या ‘कॅमेरा पाण्याला टेकवा’ या सल्ल्याशी पूर्णपणे जुळत नाही. वरील उदाहरणात कॅमेरा दीड मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तरी शिखराच्या प्रतिबिंबाचा कोन दीड अंशाहून अधिक बदलत नाही. त्याऐवजी मागे सरकून अंतर ८० मीटर केले तर तोच कोन साडेनऊ अंशांवर येतो आणि प्रतिबिंब सव्वा स्टॉपने उजळते. जागा असेल तर मागे जावे आणि थोडी लांब लेन्स लावावी, हा माझ्या मते नदीकाठच्या छायाचित्रणातला सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. कॅमेरा खाली नेण्याचे फायदे वेगळे आहेत, त्यांचा विचार जागेच्या संदर्भात पुढे येईल.

पाण्याचा स्वतःचा रंगही हिशेबात धरावा लागतो. पावसाळ्यातले गढूळ पाणी आत गेलेला उजेड विखरून परत पाठवते आणि त्या राखाडी पडद्याखाली काळ्या दगडाचे प्रतिबिंब विरून जाते. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळते, आणि तेव्हापासून होळीपर्यंतचा काळ या कामासाठी चांगला. मात्र कृष्णेवर वरच्या बाजूला धोम धरण आहे. पाणी सोडलेले असताना प्रवाहाला वेग येतो आणि वारा नसूनही पृष्ठभाग हलत राहतो. घाटावर रोज येणाऱ्या माणसाला विचारले की पाणी चढते आहे की उतरते आहे, हे अर्ध्या मिनिटात कळते. माघ-फाल्गुनाच्या सुमारास कृष्णाबाईचा उत्सव असतो आणि घाटांवर मांडव पडतात. ज्याला निव्वळ वास्तू हवी आहे त्याने ते दिवस टाळावेत. ज्याला घाटाचे जिवंत रूप हवे आहे त्याने मुद्दाम जावे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जागा ठरवताना

प्रतिबिंबात देऊळ जसे दिसते ते आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारे देऊळ नसते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली नेऊन तिथून वर पाहिले तर जे दिसेल ते प्रतिबिंबात येते. त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांचे सपाट भाग वरच्या चित्रात दिसतात, पण प्रतिबिंबात फक्त उभे भाग दिसतात, आणि पायऱ्यांवर ऊन पडलेले असेल तर वर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची रांग व खाली जवळजवळ सलग काळी भिंत अशी विसंगती तयार होते. काठापासून मागे असलेल्या देवळाचा पायथा प्रतिबिंबात घाटाआड झाकला जातो आणि शिखर एकटेच पाण्यात तरंगल्यासारखे दिसते. छज्जे, महिरपी, नगारखान्याचे सज्जे यांचे तळ मात्र प्रतिबिंबात अधिक स्पष्ट होतात. कॅमेरा खाली नेल्याने ही दोन चित्रे एकमेकांच्या जवळ येतात. उंच ठेवल्याने दूर जातात. कोणते हवे ते ठरवूनच ट्रायपॉडची उंची निश्चित करावी.

वास्तूचे छायाचित्र घेताना शिखर चौकटीत बसावे म्हणून कॅमेरा वर उचलला की भिंती आतल्या बाजूला झुकतात, ही जुनी अडचण आहे. प्रतिबिंब घेताना ती आपोआप सुटते. कॅमेरा पूर्ण समतल ठेवून काठाची रेषा चौकटीच्या मध्यावर आणली की वर देऊळ आणि खाली प्रतिबिंब असे दोन्ही बसते आणि फिल्म उभीच्या उभी राहिल्याने खांब सरळ राहतात. काठ मधोमध आणू नये हा नियम इथे निःसंकोच बाजूला ठेवावा. कॅमेऱ्याच्या फ्लॅश-शूवर बसणारी छोटी पाणसळ स्वस्त असते आणि फार उपयोगी पडते, कारण प्रतिबिंबाच्या चित्रात एखाद्या अंशाचा कलही डोळ्यांना खुपतो. उभ्या रेषा मोजाव्यात. काठाच्या रेषेवर विसंबू नये, कारण नदी वळत असल्याने काठ तिरका दिसणे स्वाभाविक असते.

लेन्सचे गणितही यावरूनच येते. वरच्या ४० मीटरच्या उदाहरणात ३५ मिमी फिल्मवर आडव्या चौकटीत ३५ मिमीची लेन्स जेमतेम पुरते. उभ्या चौकटीत ५० मिमीची पुरते. ८० मीटरवर ५० मिमीची लेन्स आडव्या चौकटीतही सहज चालते. मध्यम आकाराच्या चौरस फिल्मवर ८० मिमीची लेन्स ४० मीटरवरूनही दोन्ही रूपे सामावून घेते, आणि चौरस चौकट या विषयाला जितकी शोभते तितकी दुसरी कोणतीही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जुना याशिका-मॅट किंवा तत्सम दोन लेन्सचा कॅमेरा असेल तर वरून पाहण्याच्या काचेमुळे तो पायरीवर ठेवूनही चौकट नीट लावता येते. पोटावर झोपावे लागत नाही.

फोकस कुठे करावा याबद्दल गोंधळ असतो. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले नसते. कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून देवळापर्यंत उजेडाने कापलेले एकूण अंतर हेच त्याचे अंतर असते. म्हणून फोकस देवळावर केला की प्रतिबिंबही स्पष्ट येते. जवळच्या पाण्यावर पाने, फुले किंवा जलपर्णी असेल तर ती मात्र खऱ्याखुऱ्या जवळच्या वस्तू आहेत. छिद्र एफ/११ वर ठेवून ३५ मिमीच्या लेन्सचा फोकस सुमारे ३.७ मीटरवर लावल्यास त्याच्या निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. ५० मिमीच्या लेन्ससाठी हे अंतर ७.६ मीटर होते. मोठी प्रिंट काढायची असल्यास हे आकडे थोडे उदार आहेत असे समजून देवळाच्या बाजूला झुकते माप द्यावे.

फिल्म आणि फिल्टर

ट्रायपॉड असेल तर इलफर्ड एफपी४ प्लस ही माझी पहिली पसंती. तिची संवेदनशीलता (आयएसओ) १२५ आहे, कण बारीक आहेत आणि एक्स्पोजरमधील लहानसहान चुका ती पोटात घालते. डेल्टा १०० किंवा कोडॅक टी-मॅक्स १०० अधिक बारीक तपशील देतात, पण डेव्हलपिंगमध्ये थोडी हयगय झाली तर लगेच जाणवते. ट्रायपॉड नसेल तर एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स, दोन्ही ४०० संवेदनशीलतेच्या. काळ्या दगडासाठी मी उजेड मोजणाऱ्या मीटरवर छापील आकडा लावत नाही: एफपी४ला १०० आणि एचपी५ला २५० धरतो, कारण सावलीतल्या बेसॉल्टला मिळालेला थोडा जादा उजेड कधी वाया जात नाही.

फिल्टरच्या बाबतीत नदीकाठी संयम बरा. पिवळा फिल्टर एक स्टॉप, नारिंगी दोन आणि गडद लाल तीन स्टॉप उजेड खातो. लाल फिल्टरने निळे आकाश काळेभोर होते आणि ढग उठून दिसतात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु उघड्यावरच्या सावल्यांना उजेड मिळतो तो निळ्या आकाशाकडूनच, म्हणून लाल फिल्टर सावल्यांनाही त्याच प्रमाणात काळे करतो. चुनेगच्चीच्या वाड्यावर ते चालून जाते. काळ्या घाटावर सावलीतला दगड, त्याचे प्रतिबिंब आणि काठची झाडे ही तिन्ही एकत्र बुडतात. पिवळा फिल्टर पुरेसा असतो; झाडी दाट असेल तर पिवळा-हिरवा घ्यावा, त्याने पाने उजळतात आणि देवळाची कड पानांपासून सुटी होते. थंडीतल्या पहाटे नदीवर धुके असेल तर फिल्टर काढूनच ठेवावा, कारण पिवळा-नारिंगी फिल्टर धुक्याचा विरळ थर कापतो आणि आपण त्याच्यासाठीच पहाटे उठलेलो असतो. फिल्टर लावून कॅमेऱ्यातल्या मीटरने मोजू नये, विशेषतः जुन्या कॅमेऱ्यात. आधी मोजावे, मग फिल्टरचे स्टॉप मिळवावेत.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, हा या विषयात शत्रूच समजावा. पाण्याशी सुमारे ३७ अंशांचा कोन असताना परत येणारा उजेड पूर्णपणे एका दिशेत कंप पावणारा असतो आणि पोलरायझर तो साफ बंद करू शकतो. म्हणजे प्रतिबिंबच नाहीसे होते. फिल्टर उलट दिशेला फिरवून पाण्याचा तळ दाबता येतो आणि प्रतिबिंब थोडे निखरते हे खरे. पण त्यासाठी दीड-दोन स्टॉप मोजावे लागतात. वरून अर्धा काळा असलेला क्रमशः विरणारा फिल्टर एक स्टॉपपेक्षा जास्त वापरू नये, कारण आकाशापेक्षा त्याचे प्रतिबिंब उजळ झाले की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी चित्र खोटे वाटते.

उजेड मोजण्याची रीत

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडलेली झोन पद्धत इथे पूर्ण रूपात लागत नाही. तिचा गाभा पुरतो. मीटर ज्या पृष्ठभागाकडे रोखावा तो मध्यम राखाडी आहे असे समजून आकडा देतो, आणि त्या मध्यम राखाडीला झोन ५ म्हणतात. एक स्टॉप कमी दिला की पृष्ठभाग झोन ४ वर जातो, दोन स्टॉप कमी दिले की झोन ३ वर. झोन ३ म्हणजे पोत शाबूत असलेला गडद भाग, झोन २ म्हणजे पोताची केवळ चाहूल, झोन ८ म्हणजे पोत असलेला जवळजवळ पांढरा भाग.

सकाळी सूर्य वर येण्याआधीचे एक गणित पाहू. फिल्म एफपी४, मीटरवर १००, छिद्र एफ/११. स्पॉट मीटरने, म्हणजे लहानसा भागच मोजणाऱ्या मीटरने, सावलीतली दगडी भिंत मोजली तर अर्धा सेकंद आला. त्याच भिंतीचे पाण्यातले प्रतिबिंब मोजले तर १ सेकंद आला, म्हणजे ते एक स्टॉप काळे आहे. फिकट शिखर १/१५ सेकंद दाखवते आणि त्याचे प्रतिबिंब १/२, म्हणजे तीन स्टॉपचा फरक. आकाश १/६० दाखवते.

भिंत झोन ३ वर ठेवली तर एक्स्पोजर १/८ सेकंद येईल आणि पुस्तकाप्रमाणे ते बरोबरही आहे. पण प्रतिबिंबातली भिंत झोन २ वर घसरेल आणि तिचे दगड एकमेकांत मिसळतील. त्याऐवजी प्रतिबिंबातली भिंत झोन ३ वर ठेवावी. तिचे मोजमाप १ सेकंद होते, दोन स्टॉप कमी म्हणजे १/४ सेकंद. आता वरची भिंत झोन ४ वर येते, शिखर झोन ७ वर, शिखराचे प्रतिबिंब झोन ४ वर आणि आकाश झोन ९ वर. आकाश सोडून सर्व काही जिथे हवे तिथे बसले. पिवळा फिल्टर लावून १/२ सेकंद दिला तर निळे आकाश थोडे खाली येते, आणि उरलेले काम डेव्हलपिंगची वेळ कमी करून साधता येते. आकाश पांढुरके, ढगाळ असेल तर फिल्टरचा उपयोग नाही; अशा वेळी चौकटीत आकाश कमीत कमी घेणे हाच उपाय.

स्पॉट मीटर नसेल तर कॅमेऱ्यावर ८५ किंवा १०० मिमीची लेन्स चढवून फक्त प्रतिबिंबातला गडद भाग चौकटीत भरावा आणि आकडा घेऊन दोन स्टॉप कमी करावेत. फोनवरची मीटर अ‍ॅप झूम करून मोजू देतात. त्यांच्यावरही विसंबता येते, पण आधी घरी एखाद्या खात्रीच्या मीटरशी पडताळणी करावी. सगळी चौकट एकदम मोजणारा साधा मीटर आकाशाने फसतो आणि या प्रसंगात १/१५ च्या आसपास आकडा देतो. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या एक्स्पोजरपेक्षा दोन स्टॉप कमी. शंका असेल तर दुसरी फ्रेम एक स्टॉप जादा द्यावी. एक स्टॉप कमी देऊन फ्रेम घेणे म्हणजे काळ्या दगडाच्या बाबतीत फिल्म वाया घालवणे आहे.

शटरचा वेग आणि पाण्याची हालचाल

बारीक लहरींनी प्रतिबिंब उभ्या दिशेने ताणले जाते. शटर १/१२५ किंवा त्याहून वेगवान असेल तर लहरी गोठतात आणि देवळाच्या कडा करवतीसारख्या तुटक दिसतात. हे रूप तीव्र उन्हात कधीकधी देखणे असते. शटर २ ते ८ सेकंद उघडे राहिले तर लहरींची सरासरी होऊन कडा मऊ, पण आकार पूर्ण असे प्रतिबिंब मिळते. मधले वेग, म्हणजे १/१५ ते १/४, पाणी हलत असताना सर्वांत वाईट, कारण त्यात ना लहर स्पष्ट येते ना आकार. पाणी काचेसारखे स्थिर असेल तर मात्र कोणताही वेग चालतो, आणि वरच्या गणितातला १/२ सेकंद त्या गृहीतावर आहे. वारा उठण्याआधीचा, सूर्योदयाच्या अलीकडचा-पलीकडचा अर्धा तास म्हणूनच महत्त्वाचा. ऊन तापू लागले की वारा सुटतो आणि स्नानाला येणाऱ्यांची ये-जाही वाढते.

१ सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता मंदावते. इलफर्डच्या सूत्रानुसार मीटरने दिलेल्या सेकंदांचा एफपी४ साठी १.२६ आणि एचपी५ साठी १.३१ हा घात घ्यावा. एफपी४वर मीटर ४ सेकंद सांगत असेल तर सुमारे पावणेसहा, ८ सांगत असेल तर सुमारे पावणेचौदा सेकंद द्यावे लागतात. एचपी५वर ८ सेकंदांचे १५ होतात. फुजीच्या अ‍ॅक्रॉस १०० (२) या फिल्मला १२० सेकंदांपर्यंत अशी दुरुस्ती लागत नाही. धुक्यातल्या पहाटेसाठी तो मोठा गुण आहे. केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबणारी तार) हवीच. ट्रायपॉडचे पाय ओल्या पायरीवर घसरतात, म्हणून एक पाय खालच्या पायरीवर रोवून डोक्याचा भार मधोमध आणावा आणि मधला दांडा वर काढू नये.

घाटावर वावरताना

नदी वळत जात असल्याने प्रत्येक घाटाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे. आदल्या दिवशी होकायंत्र घेऊन एकदा फिरून यावे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला राहतो हे लक्षात ठेवून सकाळचा की संध्याकाळचा उजेड तिरका पडेल ते ठरवावे. तिरक्या उजेडात बेसॉल्टची छिन्नीची खूण दिसते. समोरून पडलेल्या उजेडात दगड सपाट होतो. सूर्य देवळाच्या मागे असेल तर प्रतिबिंबाचा विचारच सोडून केवळ आकृतीचे चित्र घ्यावे.

घाट ही लोकांच्या नित्याची जागा आहे. दशक्रियेचे विधी चालू असतील तिकडे कॅमेरा वळवू नये, स्नान करणाऱ्या बायका चौकटीत येत असतील तर थांबावे, आणि देवळाच्या गाभाऱ्यात छायाचित्राला परवानगी आहे का हे पुजाऱ्यांना विचारावे. मेणवलीचा वाडा खाजगी मालकीचा आहे. ट्रायपॉड पाहून कोणी ‘शूटिंग आहे का?’ असे विचारलेच तर ‘काका, फक्त देवळाचा फोटो घेतोय, रोलचा कॅमेरा आहे’ एवढे सांगितले की बहुधा गप्पाच सुरू होतात, आणि त्या गप्पांतून मागच्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते हेही कळते.

डेव्हलपिंग

पाणी आणि आकाश हे सलग टोनचे मोठे भाग असल्याने डेव्हलपरमधला लहानसा असमानपणाही तिथे पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. म्हणून वेळ कधीही ५ मिनिटांखाली जाऊ देऊ नये. एफपी४साठी आयडी-११ हा डेव्हलपर १+१ प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे ही नेहमीची वेळ. वरच्या उदाहरणासारखे आकाश झोन ९ वर गेले असेल तर वेळ १५ ते २० टक्क्यांनी कमी करून सुमारे ९ मिनिटे ठेवावी. आकाश एक झोन खाली उतरते आणि गडद भाग फारसे हलत नाहीत. संपूर्ण रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवण्याचा फायदा इथे मिळतो.

आपल्याकडे मार्चपासून नळाचे पाणीच २६-२८ अंशांवर असते. बर्फाच्या खड्यांच्या परातीत बाटल्या ठेवून २० अंश गाठणे शक्य आहे, पण मधेच तापमान चढते. त्यापेक्षा २४ अंशांवर स्थिर राहून सामान्य वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास आणि कमी केलेली वेळ सहा-सव्वासहा मिनिटे धरणे अधिक भरवशाचे. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारे द्रावण), फिक्सर (चित्र कायम करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाच्या जवळपास असावे. टाकी पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटावी आणि नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. दरवेळी टाकी ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे सोडवावेत, कारण आकाशातला बुडबुड्याचा डाग प्रिंटवर लपवता येत नाही. फिक्सर १+४ प्रमाणात ३ ते ५ मिनिटे. धुण्यासाठी पाणी तीनदा बदलून टाकी अनुक्रमे ५, १० आणि २० वेळा उलटावी, म्हणजे नळ वाहता ठेवावा लागत नाही. शेवटच्या पाण्यात, शक्य असल्यास डिस्टिल्ड, वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचे) थोडे थेंब टाकावेत आणि फिल्म नुकत्याच वापरलेल्या न्हाणीघरात टांगावी. वाफेने धूळ खाली बसलेली असते.

प्रिंट आणि स्कॅन

टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर तपासण्याची कागदाची पट्टी) आडवी न घेता उभी घ्यावी, म्हणजे एकाच पट्टीवर आकाश, देऊळ, काठ आणि प्रतिबिंब चारही येतात. कागदाच्या कॉन्ट्रास्टच्या ग्रेड २ पासून सुरुवात करावी. काळ्या दगडाला थोडा कडकपणा मानवतो, म्हणून शेवटी बहुधा अडीच किंवा तीनवर स्थिरावते. आकाशाला जादा वेळ द्यावी लागेल. देताना हात शिखराच्या टोकावरून फिरू देऊ नये, नाहीतर टोक काळवंडते आणि पाण्यातले टोक वरच्यापेक्षा उजळ दिसू लागते.

प्रतिबिंब डॉज करून (प्रिंट काढताना तेवढ्या भागाचा उजेड अडवून) वरच्या देवळाइतके उजळ करण्याचा मोह आवरावा. निगेटिव्हमध्ये तपशील आहे म्हणून तो सगळा प्रिंटमध्ये दाखवलाच पाहिजे असे नाही; प्रतिबिंब देवळापेक्षा किमान अर्धा स्टॉप गडद राहिले तरच ते पाण्यासारखे दिसते, आणि काठापासून खाली येताना ते क्रमाने गडद होत जाणे हा पाण्याचा गुणधर्म असल्याने तो उतार जपावा. प्रिंट उलटी धरून पाहावी. उलटी धरल्यावर कोणते देऊळ खरे हे क्षणभर कळेनासे झाले तर पाणी जादा उजळ आहे.

स्कॅन करताना काळ्याची मर्यादा स्कॅनरच्या आपोआप निवडीवर न सोडता काठाच्या रेषेवर, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीच्या ओल्या सांध्यावर, स्वतः ठरवावी. तो सांधा वरच्या आणि खालच्या दोन्ही चित्रांत समान असतो आणि सहसा फ्रेममधला सर्वांत काळा बिंदू तोच असतो. त्यानंतर दोन्ही बाजूंचे टोन एकाच वक्राने (कर्व्हने) हलवावेत. वरच्या आणि खालच्या अर्ध्यासाठी वेगवेगळे वक्र लावले तर काठाशी जोड दिसतो. निगेटिव्हच्या पाकिटावर फिल्म, तारीख आणि वेळ यांच्यासोबत पाणी कितव्या पायरीला लागले होते आणि वारा होता का, हेही लिहून ठेवावे, कारण पुढच्या हिवाळ्यात त्याच घाटावर जाताना एक्स्पोजरच्या आकड्यांपेक्षा या दोन नोंदींचाच अधिक उपयोग होतो.